बिबळ्याचा मुलूख

गावात बिबळ्या दिसला की, “त्याला धरा आणि दूर रानात नेऊन सोडा,” असे आपण सारे एकमुखाने म्हणतो. लेकरांची व गुराढोरांची काळजी त्यामागे असते, हे खरेच. परंतु हा प्राणी राहतो कसा, हे आपण आधी पाहू.

बिबळ्या एकांतप्रिय आहे. तो आपापला मुलूख राखतो. झाडांच्या बुंध्यांवर ओरखडे काढून व मूत्राचा वास सोडून त्याची हद्द ठरवितो. दिवसा तो कपारीत, फांदीवर किंवा दाट झुडपांत पडून असतो आणि अंधारात भक्ष्य शोधतो. हरीण, माकड, ससा, प्रसंगी घूसही त्यास चालते. म्हणून जेथे पट्टेरी वाघाचा निभाव लागत नाही, तेथेही तो तग धरतो. मादीला बहुधा दोन-तीन पिले होतात. दीड-दोन वर्षे आईजवळ राहून ती शिकार शिकतात.

अशा प्राण्यास परमुलखात सोडले तर काय होते? 2009 साली टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबळ्यास गळ्यात माग दाखविणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेला हा बिबळ्या तेथे थांबला नाही. सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने माणसास इजा केली नाही. सारेच असे निभावत नाहीत. जुन्नर भागात 2001 पासून अनेक बिबळे पकडून इतर रानांत सोडले गेले, तेव्हा माणसांवरील हल्ले उलट वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. शिवाय रिकाम्या मुलखात दुसरा बिबळ्या येतोच.

माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबळ्यास वनखात्याने धरावे, हे योग्यच. परंतु नुसत्या दिसण्याने पिंजऱ्याचा आग्रह धरू नये. त्यापेक्षा शेळ्यांच्या गोठ्यास भक्कम दार व छप्पर करावे. सांजावल्यावर मुलांना एकटे बाहेर धाडू नये. खरकटे व मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नयेत. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबळ्या येतो. उसाच्या फडात पिले सापडली, तर ती उचलू नयेत. आई जवळच असते, आणि पिले हरवलेली आई बिथरते. मागे सरावे व वनखात्यास कळवावे. आपल्या घराचे रक्षण ह्यातच अधिक आहे.