टोमॅटोची फुलगळ आणि आपला गल्ला

मीरा रोड-भाईंदरच्या बाजारात टोमॅटोचा भाव चढला की गिऱ्हाईक हातगाडीवाल्याला बोल लावते आणि हातगाडीवाला वाशीच्या घाऊक बाजाराकडे बोट दाखवतो. पण पुष्कळदा या महागाईची सुरुवात बाजारात होत नाही. ती दीड-दोन महिने आधी शेतातच झालेली असते. झाड हिरवेगार दिसते, पिवळी फुलेही भरपूर लागतात. पण देठाशी पिवळी पडून गळून जातात. यालाच फुलगळ म्हणतात.

फूल का गळते?

टोमॅटोच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात. वाऱ्याने किंवा भुंग्याच्या थरथरीने परागकण झडले की फळ धरते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले किंवा रात्री २२-२४ अंशांपेक्षा अधिक उकाडा राहिला, तर पराग निकामी होतो. फूल उमलण्याच्या आठवडा-दोन आठवडे आधीची उष्णताही बाधते. फळ न धरलेले फूल झाड टाकून देते. हवा फार दमट असेल तर पराग चिकट होऊन झडत नाही, आणि फार कोरडी असेल तर तो सुकतो. याखेरीज युरियाचा मारा, पाण्याची अनियमितता आणि फुलकिडे हीही कारणे आहेत. युरिया जास्त झाला की झाड पानांनी माजते. फळ मात्र धरत नाही.

उत्तनपासून गच्चीपर्यंत

आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात रात्रीही पारा २६-२७ अंशांखाली क्वचितच उतरतो. म्हणून उत्तन-डोंगरीकडची वाडी असो की नया नगरातल्या इमारतीच्या गच्चीवरची कुंडी, उन्हाळ्यात फुले येऊनही पदरी फळ पडत नाही. येथे रोपे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावीत. म्हणजे फुले थंडीत येतात. पाणी रोज ठरल्या वेळी द्यावे, बुडाशी पालापाचोळा पसरावा, दुपारच्या उन्हात हिरवी जाळी धरावी. सकाळी बांबूला हलकी टिचकी मारली तरी पराग झडण्यास मदत होते. फुलोऱ्यात कीटकनाशक मारावेच लागले तर ते संध्याकाळी मारावे.

व्यापाऱ्याने काय ओळखावे?

फळ धरल्यापासून टोमॅटो पिकायला साधारण सहा ते सात आठवडे लागतात. हा हिशेब ज्याला कळला, त्याला पुढचा भाव थोडा आधी दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत नारायणगाव, जुन्नर भागात कडक ऊन पडले, तर जून-जुलैची आवक घटण्याची शक्यता धरून चालावे.

२०२३ साली हे सर्वांनी अनुभवले. त्या वर्षी मे महिन्यात भाव इतका कोसळला की राज्यात काही ठिकाणी शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. अनेकांनी पिकाची निगा सोडली. त्यात उष्णता आणि विषाणूजन्य रोगांची भर पडली. जुलैत त्याच नारायणगावात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला आणि किरकोळीत किलोने शंभरी ओलांडली.

अशा वेळी मार बसतो तो छोट्या माणसाला. लग्नाच्या जेवणाचा ठेका एप्रिलमध्ये बांधील दराने घेणारा बावर्ची, ताटाचा भाव लगेच वाढवता न येणारा खानावळवाला आणि उसनवारीवर दोन क्रेट उचलणारा हातगाडीवाला, हे तिघेही तोट्यात जातात. म्हणून ठेका घेतानाच भाजीच्या भावातील फरकाची अट लिहून घ्यावी. भाव पडलेला असतो तेव्हा टोमॅटो शिजवून, गाळून, आटवून शीतपेटीत ठेवावा. हातगाडीवाल्यांनी उन्हाळ्याच्या अखेरीस सारे भांडवल एकाच मालात गुंतवू नये. दलालाला भाव विचारताना एक प्रश्न अधिक विचारावा: "शेतात फूल टिकले आहे का?"