दाभोशाचं मयत कुठल्या वहीत?
आकड्यांच्या आड : लेखांक ७

पावसाळ्यात जव्हारजवळच्या दाभोशाला मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. लेंडी नदी तीनेकशे फुटांवरून कोसळते, लोक फोटो काढतात, भजी खातात, परततात. आपल्याला आज धबधब्याकडे नाही, आसपासच्या पाड्यांवर जायचं आहे. समजा, २०२१ च्या एप्रिलमध्ये इथल्या एका घरात साठीचा माणूस ताप येऊन, धाप लागून गेला. साथीच्या आकड्यात तो आला का?

मृत्युदर म्हणजे तसा शाळेतला भागाकार. वर मयत, खाली लागण झालेले. वरच्या आकड्यापासूनच गळती सुरू होते. तपासणी झाली नसेल तर तो कोविड नव्हे. घरी गेला तर डॉक्टरचा कागद नाही. २०२० साली देशभरात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरने लिहिलेलं कारण होतं. उरतो ग्रामसेवक. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत मृत्यूची नोंद व्हायला हवी. पण कायद्यासाठी नोंद करायला कोण जातं? माणूस दाखल्यासाठी जातो. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, विमा असतो, बँकेत चार पैसे असतात. ज्याच्या नावावर यातलं काहीच नाही, त्याच्या दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी कोण बुडवेल? माझ्या मते आपले मृत्यूचे आकडे पुष्कळदा मरण मोजतच नाहीत, कागदाची गरज मोजतात.

याचा पुरावा नंतर मिळाला. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये जाहीर झाले, आणि २०२२ च्या जानेवारीपर्यंत महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त अर्ज आले. तेव्हा सरकारी आकडा होता १ लाख ४१ हजारांच्या घरात. काही अर्ज खोटे असतील, काही दुबार. शिवाय न्यायालयाच्या आदेशानंतर कोविड-मृत्यूची व्याख्याही रुंद झाली होती. तरी एवढी तफावत नुसत्या लबाडीने पडत नाही.

तोच माणूस इस्पितळात गेला असता तर? जव्हारच्या कुटीर रुग्णालयातून पेशंट पुढे हलवायचा तर नाशिक किंवा सिल्वासा. मृत्यूची नोंद होते ती जिथे घडला तिथे. म्हणजे दाभोशाचं मयत नाशिकच्या वहीत, नाहीतर राज्याबाहेर, दादरा-नगर हवेलीच्या वहीत. मग पत्त्याप्रमाणे जुळवाजुळव करायची. ही जुळवाजुळव शहरातही सोपी नव्हती: १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे होते.

खालचा आकडा तर आणखी निसरडा. २०२० च्या जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली. तपासणीत सापडलेल्या रुग्णांवर भागलं तर शहराचा मृत्युदर पाच टक्क्यांच्या वर होता; झोपडपट्टीतल्या खऱ्या लागणीवर भागलं तर एक-दशांश टक्का किंवा त्याहूनही कमी. रोग तोच, खालचा आकडा बदलला.

म्हणून जाणकार दुसरी वाट धरतात. कारण विचारू नका, एरवीपेक्षा माणसं किती जास्त गेली तेवढं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये या वाटेने २०२० आणि २०२१ साठी भारताचा अंदाज दिला ४७ लाखांचा. सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार. केंद्राने पद्धतच अमान्य केली. पुढे सरकारच्याच नोंदणीत २०२० चे ८१ लाख मृत्यू २०२१ मध्ये १ कोटी २ लाख झाले. त्यातली किती वाढ साथीची आणि किती सुधारलेल्या नोंदणीची, हे पुन्हा वेगळं भांडण.

आणि ‘एरवी’ म्हणजे किती, हे जव्हार-मोखाड्यात कुणी सांगावं? इथल्याच वावर-वांगणीची बालकं १९९२ मध्ये कुपोषणाने दगावली तेव्हापासून या भागात मृत्यूच्या आकड्यांवर वाद चालू आहे.

जुनं उदाहरण याहून बोलकं. १९१८ च्या इन्फ्लुएंझात ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहराने ७६८ मृत्यू नोंदले. शहरात निदान वही होती. मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे तिथली नोंद गावकामगारांच्या हाती. आणि नोंद करणारेच अंथरुणाला खिळले होते. जव्हार तर मुकण्यांचं संस्थान, इंग्रजी नोंदणीच्या हद्दीबाहेरच. सरकारचा पहिला अंदाज देशभरात साठ लाखांचा होता. १९२१ च्या शिरगणतीत अपेक्षेहून माणसं फार कमी भरली, आणि त्या खिंडारावरून लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्सली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये आकडा १ कोटी ८५ लाखांवर नेला. नंतरच्या एका हिशोबात तो १ कोटी ३९ लाखांच्या आसपास आला, तोही फक्त इंग्रजी मुलखाचा. शंभर वर्षं होऊन गेली, गणित अजून मिटलेलं नाही.

शिरगणतीने निदान ओस घरं तरी दाखवली. आजचा पाहणीवाला दारात उभा राहून विचारतो, गेल्या सहा महिन्यांत घरात कोणी वारलं का? दिवाळी झाली की इथली घरंच्या घरं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर येतात. २०२१ च्या एप्रिलमध्येही अशी कितीतरी दारं बंद असणार. घर बंद असलं की तो कागदावर लिहितो, ‘घर बंद’, आणि पुढच्या दाराकडे वळतो.