पेशीचे दार आणि साखरमिठाचे पाणी

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात पातेल्यात पाणी सुटते. फोडीतील प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते. ते पाण्याला वाट देते, मिठाला सहसा देत नाही. जिकडे क्षार अधिक तिकडे पाणी धावते. यालाच शास्त्रात परासरण म्हणतात.

आता आपल्या आतड्याकडे वळू. तेथील पेशींचे पटल स्निग्ध द्रव्याच्या दुहेरी थराचे, आणि इतके पातळ की एका मिलिमीटरात लाखाहून अधिक पटले मावावीत. तेलात मीठ विरघळत नाही, साखरही नाही. मग ती पलीकडे जातात कशी? पटलात प्रथिनांची दारे असतात. त्यांतील एका दाराची रीत मोठी मौजेची आहे. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण एकत्र आले तरच ते उघडते. पेशीच्या रक्ताकडील बाजूस एक पंप सोडियम अहोरात्र बाहेर उपसत असतो. त्यामुळे आत सोडियमची सदैव टंचाई. त्या ओढीने सोडियम शिरते, ग्लुकोजला बरोबर नेते आणि मागोमाग पाणी जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली.

पटकीचे विष पेशींतील क्षार आतड्यात ओतावयास लावते; पाणी त्यांच्यामागून जाते, आणि धडधाकट माणूस काही तासांत सुकतो. परंतु हे जोडीचे दार त्या विषाने बंद होत नाही! १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या आत आले.

घरी पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरे. चमचा चहाचा. साखर वाढवू नये. जादा साखर आतड्यातच राहते आणि कैरीवरच्या मिठाप्रमाणे पाणी उलट ओढून घेते.

“पाणी दिले की जुलाब वाढतात” हे आम्हीही लहानपणी ऐकले आहे, आणि त्यापायी तहानेली मुले कोरडी ठेवलेली पाहिली आहेत. या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत हे खरे. त्याचे काम गेलेले भरून काढण्याचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. मूल पेंगू लागले, डोळे खोल गेले, तर पाजत पाजतच दवाखाना गाठावा.