जुन्या मोटारीत आवडीचे गाणे
चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या अनेक जुन्या मोटारींत नुसता रेडिओ असतो. तामिळ भजनी मंडळींना प्रिय असलेले मराठी अभंग मात्र मोबाईलमध्ये! मग नवा स्टिरिओ घ्यायचा का? गरज नाही. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर मोबाईलमधले गाणे हवेत सोडतो, गाडीचा रेडिओ ते पकडतो. दोन्हींवर एकच रिकामी फ्रिक्वेन्सी हवी, एवढेच.

खरी अडचण तिथेच आहे. १९७७ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्येच देशातले एफएम प्रक्षेपण सुरू झाले. आता पट्ट्यात स्टेशनांची दाटी आहे. जोरकस स्टेशन चिमुकल्या ट्रान्समीटरला गिळून टाकते. म्हणून ९३.५ वा ९८.३ पासून दूरची शांत जागा निवडा, तीही निघण्यापूर्वीच. दुराईस्वामी सबवेच्या गर्दीत नजर रस्त्यावरच हवी!