हौशी कबड्डीची जिल्हास्तरीय रचना : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतातील कबड्डीच्या मध्यवर्ती संघटनेची १९७२ साली पुनर्रचना झाली, तेव्हा तिच्या नावात ‘हौशी’ हा शब्द आला. खेळाडूला खेळण्याबद्दल वेतन मिळत नाही, एवढाच या शब्दाचा पारिभाषिक अर्थ आहे. प्रत्यक्षात मैदान आखणारा, गुणलेखक, संघाची गाडी ठरवणारा व्यवस्थापक आणि संध्याकाळी मुलांना चढाई शिकवणारा जुना खेळाडू हे सारेही हौशीच असतात. २०१४ नंतर याच खेळात लिलावाची भाषा रुळली. त्यामुळे या हौशी व्यवस्थेने आजवर काय साधले आणि कोणाला वाऱ्यावर सोडले, हे तपासणे आवश्यक ठरते. पुणे जिल्ह्यातील, विशेषतः शिरूर व दौंड या ग्रामीण तालुक्यांतील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

हुतूतू ते कबड्डी

महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी ‘हुतूतू’ या नावाने ओळखला जाई. गावोगावी त्याचे नियम भिन्न होते. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक बाद गडी पुन्हा मैदानात येई, ‘गामिनी’त मात्र संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाद गड्याला बाहेरच बसावे लागे, तर ‘अमर’ प्रकारात गडी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजला जाई. दोन गावांचा सामना व्हायचा तर आधी नियमांवर एकमत व्हावे लागे. स्पर्धेचा खरा इतिहास म्हणूनच नियमांच्या एकीकरणापासून सुरू होतो. १९२३ साली बडोदे येथे हिंदविजय जिमखान्याच्या वतीने सुधारित नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा भरली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ च्या सुमारास नियमांना अधिक नेटके रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने या खेळाची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि ‘कबड्डी’ हे नाव देशभर स्थिर झाले. महाराष्ट्रातील संघटनेची बांधणी करणाऱ्या शंकरराव (बुवा) साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिन राज्यात ‘कबड्डी दिन’ म्हणून साजरा होतो. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले, त्यामागे ही दीर्घ संघटनात्मक वाटचाल होती.

जिल्हा संघटनेची शिडी

या व्यवस्थेचा पाया म्हणजे गावातील किंवा पेठेतील नोंदणीकृत संघ. हे संघ जिल्हा संघटनेच्या अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धेत उतरतात. त्यातून निवडलेला जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेत खेळतो आणि तेथून राज्याचा संघ निवडला जातो. किशोर व कुमार गटांस वय व वजन यांच्या मर्यादा असल्याने त्यांची पडताळणी हा स्पर्धेचा अविभाज्य भाग असतो.

जिल्हा स्पर्धा साखळी व बाद पद्धतीने काही दिवसांत एकाच ठिकाणी पार पडते. अर्थात ती हंगामभर चालणारी साखळी नसून निवडीची चाळणी आहे. गटात दोन सामने हरलेल्या संघाचे संघटनेच्या पातळीवरील वर्ष तेथेच संपते. पुढे त्याला गणेशोत्सव, शिवजयंती किंवा गावची यात्रा यांनिमित्त भरणाऱ्या निमंत्रित स्पर्धांवर अवलंबून राहावे लागते. या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम असते, प्रकाशझोत असतो, प्रेक्षकही असतात. परंतु त्यांचे वेळापत्रक आयोजकाच्या सोयीवर आणि देणगीदाराच्या उत्साहावर ठरते.

शिरूर व दौंडची पार्श्वभूमी

घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड ही दोन्ही तालुक्यांची ठिकाणे पुणे शहरापासून दूर, जिल्ह्याच्या पूर्व भागात आहेत. शहरातील संघांना प्रशिक्षक, बंदिस्त सभागृह व मॅट तुलनेने लवकर उपलब्ध झाले. ग्रामीण संघ मात्र चाळलेली माती पसरून, पाणी मारून आणि रोलर फिरवून तयार केलेल्या मैदानावर घडले. मातीवर अनवाणी सराव करणाऱ्या खेळाडूला मॅटवर बूट घालून खेळताना पायांची पकड व वेग नव्याने जुळवावा लागतो. निवड चाचणी मॅटवर असेल तर हा फरक केवळ सोयीचा राहत नाही. तो निवडीचाच प्रश्न बनतो. अलीकडच्या वर्षांत राज्य स्पर्धेत ‘पुणे ग्रामीण’ असा स्वतंत्र संघ उतरू लागला, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे.

हौशी खेळाडूचे खरे पारितोषिक बहुधा नोकरी हेच राहिले. रेल्वे, पोलीस, सेनादले, बँका व वीज मंडळ यांच्या संघांनी अनेकांना स्थैर्य दिले. दौंड हे रेल्वेचे जंक्शन असून तेथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत; त्यामुळे खेळातून गणवेशापर्यंत जाणारी वाट तेथील तरुणाला अपरिचित नाही. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाचा निर्णय २००५ साली झाला, तेव्हापासून स्पर्धेच्या प्रमाणपत्राचे मोल आणखी वाढले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाळ्या आणि ऊसशेतीतील कामे सांभाळून सराव करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ‘हौस’ हा शब्द कधीच पूर्ण खरा नव्हता.

आयर्लंडचे उदाहरण

या संदर्भात आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलशी तुलना उद्बोधक ठरते. त्या खेळाचे नियमन करणारी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी ठर्ल्स या गावी स्थापन झाली. देशी खेळांना परकीय सत्तेच्या काळात प्रतिष्ठा मिळवून देणे ही तिची प्रेरणा होती. तिची रचना चर्चच्या पॅरिशवर, म्हणजे गावकीवर, आधारलेली आहे. खेळाडू सहसा आपल्याच गावच्या क्लबकडून खेळतो आणि निवड झाल्यास आपल्या काउंटीकडून. डब्लिनचे ८२ हजारांहून अधिक क्षमतेचे क्रोक पार्क मैदान अंतिम सामन्याला भरते, तरी खेळाडूंना वेतन दिले जात नाही. मात्र तेथे प्रत्येक काउंटीत क्लबांच्या श्रेणीबद्ध साखळी स्पर्धा होतात. सामान्य कुवतीच्या खेळाडूलाही वर्षभर ठरलेल्या तारखांना शेजारच्या गावाशी खेळायला मिळते. महाराष्ट्राच्या हौशी कबड्डीने शिडी उभारली. अशी साखळी मात्र तिला रुजवता आली नाही.

व्यावसायिक लीगनंतर

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावातील सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ च्या लिलावात ती २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने विजेतेपद पटकावले, तेव्हा संघाचा कर्णधार शिरूरला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार होता. ग्रामीण मैदानावरचा मुलगा कोठवर जाऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. तथापि ही लीग शिडीच्या वरच्या पायरीवरून खेळाडू उचलते. खालच्या पायऱ्या आजही विनावेतन कार्यकर्त्यांच्याच खांद्यावर उभ्या आहेत.

महिलांच्या बाबतीत हा विरोधाभास अधिक तीव्र आहे. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये पाटणा येथे पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात पुण्याची दीपिका जोसेफ होती. एवढी परंपरा असूनही प्रो कबड्डीच्या चौकटीत महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक अल्पकालीन स्पर्धा झाली, तिला सातत्य लाभले नाही. परिणामी ग्रामीण मुलीसाठी जिल्हा संघटना, विद्यापीठ स्पर्धा आणि नोकरी हाच मार्ग उरतो.

समारोप

जिल्ह्याच्या हौशी रचनेने विखुरलेल्या हुतूतूला एक नियम, एक निवडपद्धती आणि गावाबाहेर जाण्याची वाट दिली, हे तिचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु जिल्ह्याच्या संघात बाराच खेळाडू जातात; उरलेल्या शेकडोंसाठी या रचनेत वर्षभराचा खेळ नाही. तालुका पातळीवर सात-आठ गावांची परतीच्या सामन्यांसह चालणारी साखळी सुरू झाल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल. तिच्यासाठी लागणारे मैदान, पंचगिरी शिकलेले विद्यार्थी आणि शारीरिक शिक्षण संचालक तालुक्याच्या महाविद्यालयांत आहेत. सामन्यांच्या गुणपत्रिका जपून ठेवण्याचे कामही महाविद्यालयीन ग्रंथालये करू शकतील. आज त्या स्पर्धा संपताच रद्दीत जातात आणि त्यांच्याबरोबर गावांच्या खेळाचा इतिहासही नाहीसा होतो.