दुपारचे तीन आणि खाडीचे तोंड

गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल आपण बरेच वेळा बोलतो. आज आमच्या एका दुसऱ्या वहीबद्दल सांगायचे आहे. ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून होडीतच ठेवलेली असते आणि तिच्यात पैशाचा एकही आकडा नाही. तारीख, तिथी, भरती किती वाजता पूर्ण झाली, वारा कुठून होता, खाडीच्या तोंडावर लाट फुटत होती की नाही, एवढेच लिहायचे. ही वही आम्ही हौसेने सुरू केलेली नाही.

आमचा गट अकरा जणींचा. कर्ली खाडीच्या काठावर आमची घरे आहेत. सह्याद्रीतून येणारी कर्ली नदी देवबाग आणि भोगवे या दोन गावांच्या मधून समुद्राला मिळते, हे मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मैत्रिणींना सांगायला नको. गटाच्या दोन होड्या आहेत. एक वल्ह्याची, ती तिसऱ्या काढायला जाते. दुसरी मशीनची, ती बँकेच्या कर्जातून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना कांदळवन दाखवायला वापरतो. तिचा हप्ता दर महिन्याला भरावा लागतो, आणि डिसेंबरचे शनिवार-रविवार म्हणजे आमचा सुगीचा काळ.

अशाच एका डिसेंबरातला शनिवार. पौर्णिमा आदल्या दिवशी होऊन गेलेली. जेवणानंतर सहा पाहुणे आले, त्यांत दोन मुले. त्यांना कांदळवन नको होते, नदी समुद्राला मिळते तो संगम बघायचा होता. आभाळ निळेशार, पाऊस नाही, वादळाची बातमी नाही. आम्ही अडीचला निघालो. तीनच्या सुमारास तोंडाजवळ पोचलो तेव्हा पुढे पांढऱ्या रेघा दिसल्या. आम्हाला वाटले, नेहमीच्याच लाटा. प्रत्यक्षात त्या उभ्या भिंतीसारख्या, एकीला लागून एक. पहिली लाट नाळेवरून आत आली, दुसरीने मशीन बंद पाडले. ओहोटीचे पाणी आम्हाला बाहेर ओढत होते आणि समोरून वारा लाटा आणत होता.

सुकाणूवरच्या काकींनी एक गोष्ट केली म्हणून आज हे सांगतो आहोत. त्यांनी होडी आडवी होऊ दिली नाही. एकीला वल्हे मारायला लावून नाळ लाटेकडे धरली, मशीन तिसऱ्या ओढीला सुरू झाले, आणि मागे वळण्याच्या भानगडीत न पडता होडी हळूहळू कडेच्या वाळूच्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला घातली. होडी वाळूवर बसली. सगळ्यांच्या अंगावर जाकिटे होती, फक्त एकाने फोटोसाठी काढून मांडीवर ठेवले होते. पाहुण्यांना शेजारच्या होडीने नेले. आमची होडी मात्र निघेना. सव्वातीनला पाणी ज्या पातळीला होते, तिथून ते सहापर्यंत उतरत गेले आणि परत त्याच पातळीला यायला रात्रीचे नऊ वाजून गेले. दोघी जणी चांदण्यात होडीजवळ बसून होत्या. पैसे आम्ही परत केले. गावात दुसऱ्या दिवशी काय बोलले गेले ते तुम्ही ओळखाल. "बायकांनी होडी चालवायची कशाला," हे त्यातले सौम्य वाक्य.

आम्हाला राग आला, पण त्याहून जास्त कोडे पडले. आठच दिवस आधी, दुपारी तीनलाच, त्याच जागी आम्ही पाहुणे नेले होते आणि पाणी तळ्यासारखे होते. वेळ तीच, जागा तीच, वाराही तोच. मग फरक कशाचा?

फरक तिथीचा होता. आपल्याकडे दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढते, जास्त उतरते. हे उधाण. त्याचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. अष्टमीच्या आसपास ओढ काटकोनात येते, पाणी थोडे चढते, थोडे उतरते. तो भांग.

जुनी माणसे भरतीची वेळ तोंडी सांगतात. तिथीला तीनने गुणायचे, चाराने भागायचे. अष्टमी म्हणजे आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. हा हिशोब ढोबळ आहे. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे आपल्याकडे ती मुंबईच्या आधी येते. भांगाच्या दिवसांत हिशोब जास्त चुकतो. आणि आमचा धक्का खाडीत आत असल्यामुळे तिथे भरती तोंडापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा लागते, हे आम्हाला वहीनेच शिकवले. तरीही पाऊणपटीचा हा हिशोब पाठ असावा. मोबाइलची रेंज गेली तरी कालनिर्णय भिंतीवर असतेच.

आता पाण्याचा वेग. सहा तासांत पाणी सारखे उतरत नाही. समजा बारा घागरी पाणी खाडीतून जायचे आहे. पहिल्या तासात एक घागर जाते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी धावते. उधाणाला घागरी मोठ्या, भांगाला लहान.

हे सगळे एकत्र ठेवून बघा. उधाणाच्या दिवशी भरती नेहमी दुपारच्या आसपास पूर्ण होते. अकरा, साडेअकरा, बारा. म्हणजे सुकतीचा सर्वांत जोराचा वेळ दुपारी दोन ते चार. आणि पावसाळा संपल्यावर आपल्या किनाऱ्यावर खारा वारा कधी जोरात असतो? सकाळी जमीन थंड असते तेव्हा मतलई वारा पूर्वेकडून समुद्रावर जातो. जमीन तापली की अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, बहुतेक वायव्येकडून, आणि दुपारी दोन ते चार त्याचा भर असतो. खाडीतून बाहेर धावणारे पाणी आणि बाहेरून आत येणारा वारा अरुंद तोंडावर, उथळ वाळूवर, समोरासमोर भिडतात. लाटा आखूड होतात, उभ्या राहतात, फुटतात. वारा तेवढाच असला तरी लाट दुप्पट झाल्यासारखी वाटते.

अष्टमीला उलट. भरती सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला, आणि तीन वाजता पाणी आत येत असते. वाराही आत, पाणीही आत, त्यातही भांगाचे पाणी मंद. म्हणून आठ दिवस आधी तिथे तळे होते. वादळ नसताना, स्वच्छ उन्हात, महिन्यातून दोनदा आमच्या खाडीचे तोंड दुपारी तीनला धोक्याचे होते, आणि पाहुणे मात्र शनिवार बघून येतात, तिथी बघून नाही.

तिसऱ्या काढणाऱ्या मैत्रिणींना वेगळा धोका आहे. खाडीच्या मधल्या वाळूवर आपण ओहोटीला उतरतो, होडी कडेला नांगरतो आणि वाकून काम करत राहतो. पाणी फिरते तेव्हा पहिल्या तासात एकच घागर येते, म्हणून काही वाटत नाही. तिसऱ्या तासात तीन येतात. शिवाय पाणी समोरून येत नाही, आधी मागच्या खोलगट भागातून भरते. वाळू कोरडी दिसते आणि होडीकडे जायची वाट बुडालेली असते. आम्ही आता एकीला कामाला लावतच नाही. ती होडीजवळ काठी रोवते, पाणी काठीवरच्या खुणेला लागले की हाक मारते. टोपली अर्धी असली तरी निघायचे. सुरुवातीला यावरून भांडणे झाली, कारण अर्धी टोपली म्हणजे अर्धी मजुरी. आता त्या दिवशीची सगळी कमाई एकत्र करून वाटून घेतो.

भरतीचे वेळापत्रक सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी काढते, मोबाइलवरही मिळते. त्यात वेळेसमोर उंची असते, १.८ मीटर, ०.४ मीटर अशी. पुष्कळ जणी ती पाण्याची खोली समजतात. आम्हीही समजत होतो. तो आकडा ठरवलेल्या एका खालच्या पातळीपासून मोजलेला असतो. तुमच्या होडीखाली किती पाणी आहे ते वल्हे घालूनच कळते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जाते, आपल्याकडे दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे मुंबईचे वेळापत्रक बघून इथे होडी घालू नका. शिवाय वेळापत्रकाला फक्त चंद्र-सूर्य कळतात. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल, समुद्रात कमी दाबाचा पट्टा असेल, तर पाणी लिहिल्यापेक्षा वर चढते. डोंगरात मोठा पाऊस झाला असेल तर ओहोटी जास्त वेळ आणि जास्त जोरात चालते.

म्हणून दुसरी गोष्ट बघायची ती हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज. त्यांचे 'समुद्र' नावाचे अ‍ॅप आहे. त्यात लाटेची उंची दीड मीटर लिहिली असेल तर प्रत्येक लाट दीड मीटरची, असा अर्थ नाही. सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येते, आणि होडी उलटवायला तेवढी एक पुरते. उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, तो कुणी बघत नाही. पाच-सहा सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याच्या लाटा. चौदा-पंधरा किंवा जास्त सेकंद म्हणजे फार लांबून, कधी कधी दक्षिण हिंदी महासागरातून, आलेली फुग. ती खोल पाण्यात होडीखालून गेली तरी कळत नाही, पण उथळ तोंडावर आली की उंच होऊन फुटते. उन्हाळ्यात वारा पडलेला असताना अशी फुग येते. २०१९ साली दिवाळीच्या तोंडावर 'क्यार' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले नाही, समुद्रातच राहिले, तरी त्याच्या लाटांनी आपल्या किनाऱ्यावर नुकसान केलेच.

हवामान खात्याच्या बातमीत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असे ऐकले किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की मग खाडीतही फेरी नाही. तेव्हा वही उघडायचीच गरज नाही. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे. आम्ही तो होडीच्या आतल्या फळीवर रंगाने लिहून घेतला आहे, कारण अडचणीत मोबाइलमधले नाव शोधायला सुचत नाही.

वही वर्षभर लिहिल्यावर गटाच्या बैठकीत ठरले की द्वादशीपासून पुढच्या पक्षातल्या चतुर्थीपर्यंत दुपारी तोंडाकडे होडी न्यायची नाही. हप्त्याचे काय, असा प्रश्न आलाच. पहिल्या महिन्यात चार फेऱ्या परत पाठवल्या, त्यांतली दोन कुटुंबे दुसऱ्या होडीने गेली आणि हसत परत आली, हेही खरे. तेव्हा आमच्यातल्याच दोघी चिडल्या. सुकाणूवरच्या काकी एवढेच म्हणाल्या, "पाणी खय जाता ता आधी बघ, गिऱ्हाईक मगे बघ."

मग लक्षात आले की ज्या दिवशी दुपार वाईट, त्याच दिवशी सकाळ चांगली. उधाणाला सकाळी सहानंतर पाणी आत चढू लागते, वारा पडलेला असतो, आणि भरतीबरोबर वर कांदळवनात जायला मशीनचे तेलही कमी लागते. पाण्याने मुळे बुडत जाताना दिसतात, खंड्या, बगळे जवळून दिसतात. आता फोन आला की आम्ही आधी कॅलेंडर बघतो. "तिथीचा काय संबंध, पूजा आहे का?" असे पुण्याची एक ताई विचारत होती.

परवा कोल्हापूरहून फोन आला, शनिवारी दुपारी तीनला आठ जण येतो म्हणून. शनिवारी वद्य द्वितीया आहे. त्यांना सकाळी साडेआठला धक्क्यावर बोलावले आहे.