१३५ गुणिले १२: 'लीलावती'तली युक्ती आणि ऊसतोडीचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, ती टनावारी फेडायची. हा सगळा हिशेब ज्या नियमावर उभा आहे, तो तुम्ही शाळेत 'वितरण गुणधर्म' या नावाने पाठ केलाय.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त १३५ गुणिले १२ असं एक उदाहरण आहे. (त्यांचं विज्जलविड गाव म्हणजे बीडच, असं काही अभ्यासक मानतात, चाळीसगावजवळच्या पाटणचाही दावा आहे.) त्यातली एक रीत अशी: १२ चे ८ आणि ४ करा. १३५ × ८ = १०८०, १३५ × ४ = ५४०; बेरीज १६२०. किंवा आधी ३ ने, मग ४ ने गुणा. तरी १६२०च. पहिलं वितरण, दुसरं साहचर्य.

तिसरा गुणधर्म क्रमनिरपेक्षतेचा. ३ × ४ आणि ४ × ३ सारखेच, त्यात काय विशेष, असं मलाही वाटायचं. इंजिनिअरिंगला मॅट्रिक्सचा गुणाकार आला आणि क्रम बदलल्यावर उत्तरही बदललं, तेव्हा त्याची किंमत कळली. वजाबाकीतही ही सवलत नाही. १ लाखाच्या उचलीतून ६० हजार फिटले, पण मध्येच २० हजार खर्चीला घेतले, तर बाकी १ लाख − (६० − २०) हजार, म्हणजे ६० हजार. कंस विसरलात तर उत्तर २० हजार येईल. मुकादम सहसा कंस विसरत नाही!

आता खरी मेख. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर ३६६ रुपयांच्या घरात गेला. समजा, गाडीच्या पाच खेपा झाल्या, प्रत्येकी १.८ टन. खेपेगणिक पैसे मांडा किंवा एकूण ९ टनांना एकदम गुणा, रक्कम ३,२९४ रुपयेच. पण प्रत्येक खेप 'दीड टन' म्हणून लिहिली, तर ७.५ टनांचे २,७४५. पाच खेपांत ५४९ रुपये गेले, आणि वहीतला गुणाकार मात्र बरोबर!

म्हणून दर तपासण्याआधी वजन तपासा. काट्याच्या प्रत्येक पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि हिशेबाच्या दिवशी पूर्ण आकड्यांची बेरीज करून दराने एकदाच गुणा.